रावेल्लोच्या पाखाड्या: वर बसने, खाली पायी

कोकणात ज्यांचं बालपण गेलं त्यांना पाखाडी काय ते सांगायला नको. डोंगरउतारावरच्या घरांमधून, गडग्यांच्या मधून वळत वळत समुद्राकडे उतरणारी दगडी पायऱ्यांची वाट. इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावर रावेल्लो नावाचं एक जुनं गाव डोंगरमाथ्यावर आहे, समुद्रापासून सुमारे ३५० मीटर उंच, आणि त्याचा सगळा इतिहास अशाच पाखाड्यांवर पसरलेला आहे. किनाऱ्याने जाणारा मोटाररस्ता एकोणिसाव्या शतकातला. त्याआधी हजारएक वर्षं बिशप, व्यापारी, लिंबं वाहणाऱ्या बाया आणि खेचरं याच पायऱ्यांवरून चढली-उतरली.

आम्ही तिघं गेलो होतो: मी, नवरा आणि बासष्ट वर्षांच्या सासूबाई. पहिल्याच दिवशी घोळ घातला. फोनच्या नकाशात खालच्या, किनाऱ्यावरच्या मिनोरी गावापासून रावेल्लो दोन किलोमीटरसुद्धा दिसत नव्हतं, म्हणून बॅगा ओढत पायीच निघालो. नकाशा आडवं अंतर सांगतो, उभं सांगत नाही. शंभरेक पायऱ्यांनंतर सासूबाई एका दारापुढच्या कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर रायगड आहे. आधी सांगायचंस तरी." तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय.

१. आधी कागदपत्रं

इटली शेंगेन देशांपैकी एक, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. उन्हाळी सुट्टीच्या हंगामात अर्ज केंद्राची वेळ मिळायलाच आठवडे जातात.

जवळ ठेवायचं ते असं:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन कोरी पानं असलेला
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा प्रवासविमा
- जाण्यायेण्याची तिकिटं, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं आरक्षण, बँकेची स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं किंवा व्यवसायाचं पत्र
- दिवसागणिक प्रवासाचा आराखडा

इथे एक खाच आहे. दोन-तीन देश फिरणार असाल तर ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. "पॅरिसची वेळ लवकर मिळाली" म्हणून फ्रान्सकडे अर्ज आणि आराखड्यात आठ दिवस इटली, असं केलंत तर अर्ज अडकतो.

मुक्कामाच्या ठिकाणी पासपोर्ट मागतात, घाबरू नका. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं तिथे बंधनकारक आहे. माणशी-रात्री थोडा पर्यटक करही बऱ्याच ठिकाणी वेगळा आणि रोख घेतात, सुटे युरो असू द्या.

२. कधी जायचं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हात पायऱ्या उतरणं शिक्षा आहे, आणि १५ ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर निघून याच किनाऱ्यावर येते. नोव्हेंबर ते मार्च निम्मी हॉटेलं बंद असतात, बोटीही बंद.

पावसाची गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. हे डोंगर तीव्र उताराचे, दऱ्या अरुंद. ९ सप्टेंबर २०१० ला रावेल्लो आणि समोरचं स्काला गाव यांच्यामधल्या द्रागोने ओढ्याला अचानक लोंढा आला आणि खालच्या आत्रानी गावाच्या मुख्य रस्त्यातून चिखल-पाणी समुद्रापर्यंत गेलं. एका तरुणीचा त्यात जीव गेला. ओढा तिथे रस्त्याखालून झाकून नेलेला आहे, वरून कळतही नाही. जोराचा पाऊस झाला की त्या दिवशी पायऱ्यांचा बेत रद्द. वाटेवर "फ्राना" असा शब्द असलेली पाटी आणि आडवी पट्टी दिसली तर समजा पुढे दरड आहे. बाजूने वाट काढत शिरू नका.

३. तिथवर पोहोचायचं कसं

मुंबईहून आधी रोम गाठा, तिथून रेल्वेने नेपल्सवरून सालेर्नो. रोमहून थेट सालेर्नोपर्यंत जाणाऱ्या वेगवान गाड्याही आहेत. बरेच जण सोरेंतोच्या बाजूने येतात, पण आम्हाला सालेर्नोची बाजू कितीतरी सोपी वाटली. स्टेशनातून बाहेर पडून काही मिनिटं चाललं की बोटींचा धक्का. हंगामात अमाल्फीपर्यंत बोटीने साधारण पस्तीस मिनिटं लागतात. बसला सव्वा तास धरा, उन्हाळ्यातल्या वाहतुकीत जास्तच. बसने गेलात तर डावीकडे बसा, समुद्र त्या बाजूला. पोटात ढवळणाऱ्यांनी गोळी घेऊनच चढावं, आपला वरंधा घाट सरळ वाटेल इतकी वळणं आहेत.

अमाल्फीला बंदरासमोरच्या चौकात बस थांबतात. तिथूनच स्काला-रावेल्लोची बस निघते. तिकीट बसमध्ये मिळेल असं धरून चालू नका. मोठ्या "टी" अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात ते आधी विकत घ्यायचं आणि बसमध्ये चढल्यावर यंत्रात छापून घ्यायचं. न छापलेलं तिकीट म्हणजे तिकीटच नाही, दंड होतो. जाता-येताची दोन्ही एकदमच घ्या, कारण वरची दुकानं दुपारी बंद असतात.

गाडी भाड्याने घेण्याचा मोह टाळा. किनारी रस्त्यावर हंगामात बाहेरच्या गाड्यांना सम-विषम क्रमांकाचा नियम लागतो, पार्किंग दुर्मीळ, आणि रावेल्लोच्या जुन्या भागात गाडी जातच नाही. बससुद्धा एका छोट्या बोगद्याच्या अलीकडेच सोडते. बोगदा पायी पार केला की एकदम चौक उघडतो.

मोठी बॅग खाली सालेर्नोला नाहीतर नेपल्सला ठेवून पाठपिशवीवर या. मुक्कामाचं ठिकाण ठरवताना एकच प्रश्न विचारा: "बसथांब्यापासून पायऱ्या किती?" मीटर विचारू नका, पायऱ्या विचारा. तिथल्या लोकांना हा प्रश्न मुळीच विचित्र वाटत नाही.

४. पायात काय, पिशवीत काय

मागे पट्टा आणि तळाला पकड असलेले बूट. पायऱ्या शतकानुशतकं झिजून गुळगुळीत झाल्यात, वर लिंबाची पानं पडलेली असतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी घडीची काठी जरूर न्यावी, उतरताना ती खरी कामाला येते. सासूबाईंनी आधी नको नको म्हटलं, दुसऱ्या दिवसापासून ती काठी कुणाला हात लावू देईनात.

पाणी माणशी एक लिटर. वाटेत नळ लागतात, पण "नोन पोताबिले" लिहिलेलं असेल तर ते पिण्याचं नाही. चर्चमध्ये जाण्यासाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. एक सुती ओढणी पिशवीत असली की काम भागतं.

चार शब्द पाठ करा. "आ प्येदी" म्हणजे पायी. "स्काले" म्हणजे पायऱ्या. "जू" म्हणजे खाली, "सू" म्हणजे वर. कुणालाही "मिनोरी, आ प्येदी?" एवढं विचारलं तरी हात वाट दाखवायला लागतात. "क्यूझो" हा पाचवा शब्द तुम्हाला तिथेच पाठ होईल: बंद. चर्च आणि दुकानं दुपारी बारा-एक ते चार-साडेचार बंद असण्याची शक्यता धरूनच दिवस आखा.

५. पहिला फेरफटका: गावातल्या गावात

पहिला अर्धा दिवस गाव समजून घ्यायला द्या. खाली उतरायची घाई नको.

हे गाव इतकं वर का, हा प्रश्न चौकातच पडतो. खाली अमाल्फी हे समुद्री व्यापाराचं प्रजासत्ताक होतं. त्याची जहाजं कॉन्स्टँटिनोपल, सिसिली, उत्तर आफ्रिकेपर्यंत जात. बंदरात पैसा होता, तशी भीतीही होती. ११३५ आणि ११३७ मध्ये पिसाच्या आरमाराने हा किनारा लुटला. तेव्हा ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना उंचावरचं घर परवडत होतं. १०८६ मध्ये रावेल्लोला स्वतःचा बिशप मिळाला, म्हणजे अमाल्फीच्या सावलीतून बाहेर पडल्याची जाहीर खूणच.

चौकातलं संत पांतालेओनेचं कॅथेड्रल त्याच काळातलं. त्याची ब्राँझची दारं ११७९ ची, त्रानीच्या बारिझानो नावाच्या कारागिराची, ५४ चौकटींची. आत दोन प्रवचनपीठं समोरासमोर आहेत. मोठं १२७२ चं, फोज्जाच्या निकोलोने घडवलेलं, सहा पिळदार खांबांवर उभं, आणि प्रत्येक खांब एका सिंहाच्या पाठीवर. सगळे फोटो त्याचे काढतात. मला आवडलं ते समोरचं जुनं, साधं: एका बाजूला मोझेकमध्ये सागरी राक्षस बायबलमधल्या योना या संदेष्ट्याला गिळतोय, दुसऱ्या बाजूला तो त्यातून बाहेर येतोय. समुद्रावर पोट असलेल्या गावाने देवळात हीच गोष्ट का लावून घेतली असेल, ते वेगळं सांगायला नको.

चौकातच व्हिला रूफोलोचा बुरूज आहे. रूफोलो हे तेराव्या शतकातलं धनाढ्य व्यापारी घराणं. कॅथेड्रलमधलं मोठं प्रवचनपीठही त्यांनीच करवून घेतलं. आतल्या चौकाच्या एकमेकींत गुंतलेल्या कमानी पाहा, अरबांशी व्यापार करणाऱ्या माणसांची आवड त्यात उघड दिसते. पुढे वास्तू मोडकळीला आली. १८५१ मध्ये फ्रान्सिस नेव्हिल रीड या स्कॉटिश गृहस्थाने ती विकत घेऊन सावरली, बाग केली. २६ मे १८८० ला संगीतकार वाग्नर इथे आला आणि आपल्या ऑपेरातल्या जादूगाराची बाग सापडली असं लिहून गेला. १९५३ पासून उन्हाळ्यात इथे संगीत महोत्सव होतो. यातही एक खाच आहे. महोत्सवासाठी दरीवर बाहेर काढलेला मंच उभारतात आणि बागेतून दिसणारा प्रसिद्ध देखावाच अर्धा झाकला जातो. फोटोतली दोन घुमटांची चौकट हवी असेल तर वसंतात या.

तिथून व्हिला चिंब्रोनेपर्यंत पंधराएक मिनिटं, थोड्या पायऱ्या चढून, संत फ्रान्सिसच्या आणि संत क्लाराच्या मठांवरून. १९०४ मध्ये अर्नेस्ट बेकेट या इंग्रज धनिकाने ही जागा घेतली आणि निकोला मान्सी या रावेल्लोच्याच माणसाच्या मदतीने आजची बाग उभी केली. कड्याच्या टोकाला संगमरवरी अर्धपुतळ्यांची ओळ असलेली गच्ची आहे. तिचं कौतुक सगळीकडे वाचाल, मी भर घालत नाही. सकाळी उघडल्या उघडल्या जा, एवढंच.

६. दुसरी वाट: रावेल्लो ते मिनोरी

एकच वाट चालणार असाल तर ही. पाऊण ते एक तास, सगळा उतार, हजाराच्या वर पायऱ्या.

व्हिला रूफोलोच्या भिंतीकडेने उतरायला लागा. लगेच आनुंझियाताचं चर्च लागतं. वरच्या बागेतून दिसणारे ते दोन घुमट याचेच. पुढे मोटाररस्ता ओलांडून पायऱ्या तोरेल्लो वस्तीत शिरतात. घरांच्या भिंतींना खेटून, परसातल्या टोमॅटोंवरून, कधी कुणाच्या ओसरीवरून चालल्यासारखं वाटतं. वाट सार्वजनिक आहे, बिचकू नका, पण आवाज हळू ठेवा.

तोरेल्लोच्या खाली लिंबाच्या बागा सुरू होतात. इथल्या लिंबाला स्फुसातो म्हणतात: लांबोडं, टोकदार, जाड सालीचं. चेस्टनटच्या लाकडाच्या मांडवांवर वेल चढवावेत तशा फांद्या बांधलेल्या, आणि हा सगळा डोंगर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी गडग्यांनी पायऱ्यापायऱ्यांचा केलेला. असे कोरडे गडगे रचण्याची कला २०१८ मध्ये युनेस्कोने इटलीसह आठ देशांच्या नावावर नोंदवली. आपल्याकडचे गडगे रचणारे म्हातारे हे ऐकून काय म्हणतील कोण जाणे. इथले गडगे ढासळले की खालचा रस्ताही जातो, म्हणून बागा टिकवणं हा इथे हौसेचा मामला नाही. लिंबं तोडू नका. झाडावरचं एक लिंबूही कुणाच्या तरी पाठीवरून खाली जाणार असतं, कारण बागेपर्यंत गाडी जात नाही. बांधकामाच्या विटासुद्धा अजून खेचरावरून जाताना दिसतात. खेचर समोरून आलं तर भिंतीच्या बाजूला व्हा, कड्याच्या नाही.

मिनोरीत उतरल्यावर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पहिल्या शतकातल्या रोमन हवेलीचे अवशेष आहेत, १९३२ मध्ये सापडलेले. म्हणजे तासाभरात तुम्ही तेराव्या शतकातून पहिल्या शतकात उतरलात. शेजारी संत त्रोफिमेनाचं चर्च.

पायांत जीव असेल तर मिनोरीहून मायोरीला जाणारी लिंबांची वाट जोडता येते, साधारण तासाभराची. एके काळी या वाटेवरून बाया पन्नास किलोंच्या वर लिंबांच्या टोपल्या पाठीवर घेऊन बोटींपर्यंत उतरत. त्यांना तिथे "फोर्मिकेल्ले" म्हणायचे, म्हणजे मुंग्या. नाव गोड आहे, काम नव्हतं.

७. तिसरी वाट: स्काला, पोन्तोने, अमाल्फी

ही लांब, थांबत थांबत तीन तास धरा. रावेल्लोसमोर दरीपलीकडे स्काला. तिथवर बसने जा. कॅथेड्रल पाहा, मग मिनूता वस्तीकडे चाला. तिथल्या आनुंझियाता चर्चच्या तळघरात बाराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, पण दार उघडं मिळेलच असं नाही. दरीकडे तोंड करून रावेल्लो पाहण्याची सर्वांत चांगली जागा मात्र इथेच, आणि ती फुकट.

मिनूताहून पोन्तोनेला उतरताना संत एउस्ताकियोच्या बाराव्या शतकातल्या चर्चचा सांगाडा लागतो. छत नाही, मागच्या कमानी आभाळात उभ्या. पोन्तोनेच्या चौकात पाणी भरून घ्या आणि ठरवा. सरळ पायऱ्यांनी अमाल्फी, की डावीकडे तोर्रे देल्लो झीरोचा बुरूज, की उजवीकडे वाल्ले देल्ले फेर्रिएरे. बुरुजाच्या टोकावरून अमाल्फी आणि आत्रानी दोन्ही गावं दोन बाजूंना दिसतात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला अमाल्फीची डचेस जोव्हान्ना द'आरागोना हिला इथेच कोंडून मारल्याचं सांगतात. फेर्रिएरे म्हणजे लोखंडाचे कारखाने. त्या दरीत त्यांचे आणि कागदाच्या गिरण्यांचे पडके अवशेष ओढ्याकाठी आहेत, सावली दाट. उन्हाळ्यात हाच पर्याय घ्या. ही वाट अमाल्फीत वरच्या टोकाला कागदाच्या संग्रहालयाजवळ उतरते.

खाली कॅथेड्रलच्या ६२ पायऱ्या दिसल्या की पाय नाही म्हणतील. तरी चढा, ब्राँझची दारं अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला घडवलेली आहेत. एवढ्या मोठ्या आरमारी सत्तेचं बंदर आज इतकं लहान का, हेही मनात येतं. १३४३ च्या वादळात बंदराकडचा भाग समुद्रात गेला. शेजारचं आत्रानी पादचाऱ्यांच्या बोगद्यातून काही मिनिटांवर आहे. क्षेत्रफळाने इटलीतली सर्वांत छोटी नगरपालिका, ०.१२ चौरस किलोमीटर. आमच्या सोसायटीच्या आवारापेक्षा फार मोठं नसेल, असं नवऱ्याचं मत.

एक गोंधळ टाळा. "देवांची वाट" म्हणून जी प्रसिद्ध पायवाट आहे ती इथली नव्हे, ती पोझितानोच्या बाजूला आहे. तिचा नकाशा घेऊन रावेल्लोच्या चौकात उभे असलेले दोन पाहुणे आम्हाला भेटले होते.

८. खाण्याचं, विशेषतः शाकाहारींसाठी

पिझ्झा मार्गेरिता सगळीकडे मिळतो. मिनोरीत रिकोत्ता चीजचे "न्दुंदेरी" नावाचे गोळे मिळतात, टोमॅटोच्या रश्शात मागा. फसायला होतं ते भलत्याच ठिकाणी. मिरी घातलेल्या खुसखुशीत तारल्लीत आणि पापुद्र्यांच्या स्फोल्यातेल्लेत डुकराची चरबी असते. भाजीवर किंवा पास्त्यावर "कोलातूरा" लिहिलं असेल तर तो माशाचा अर्क, शेजारच्या चेतारा गावाची खासियत. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा स्त्रुत्तो" हे एका दमात म्हणायला शिका: मांस नको, मासे नको, चरबी नको. लिंबाच्या क्रीमचा "देलित्सिया आल लिमोने" हा घुमटाच्या आकाराचा केक मात्र एकटीने एक खावा. अंडं चालत असेल तर.

९. परतताना

खाली उतरल्यावर संध्याकाळी वर जाण्याची बस लागतेच, आणि तोवर सगळ्यांनाच ती हवी असते. मिनोरीहून रावेल्लोला जायचं तर आधी अमाल्फीला जाऊन बस बदलावी लागते. शेवटच्या बसच्या एक आधीची पकडा. थांब्यावर लावलेलं वेळापत्रक सकाळीच फोनवर टिपून ठेवा, आणि रविवारचं वेगळं असतं ते पाहायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो. मग टॅक्सीला जे मोजले ते सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.